म्हातारी बिघडली आहे

सकाळी दहा वाजता रविशंकरचा मेसेज आला. "तुझी म्हातारी बिघडली आहे. संध्याकाळी सहापर्यंत दुरुस्त कर, नाहीतर मी काढून टाकतो."

मी त्याला दोन शिव्या घातल्या. तमिळमध्ये, कारण शिव्या मला तमिळमध्येच नीट जमतात. मग लॅपटॉप उघडला.

माझं काम आधी सांगते, नाहीतर वाटेल मी वृद्धाश्रम चालवते. मी व्हिडिओ गेमसाठी लिहिते. कंपनी बंगळुरूची, मी कुंभकोणममध्ये घरी बसून. मुख्य गोष्ट रविशंकर लिहितो, तो आमचा वरचा साहेब. राक्षसराजा, जळती नगरं, भविष्यवाणीतला वीर, असला सगळा थाट त्याच्याकडे. माझ्या वाट्याला साइड क्वेस्ट, म्हणजे आडवाटेची कामं. जगबुडी तीन दिवसांवर आलेली असते आणि आपला वीर कुणाची तरी हरवलेली शेळी शोधत हिंडतो ना, ती शेळी माझी. खेळणाऱ्यांना शेळीच आवडते, हे रविशंकरला कधी पटत नाही.

या वर्षी जुन्या गेमला एक जादा भाग जोडायचा ठरला. कावेरीकाठचं तीनशे वर्षांपूर्वीचं गाव, मराठी बोलणारं. आम्ही तंजावरकडचे मराठे, आमच्या घरात अजून ती भाषा आहे, म्हणून ते गाव माझ्याकडे आलं. पुण्याच्या एका बाईला ऐकवलं तर म्हणाली, अगं हे तर पोथीतलं वाटतं. वाटू दे. पोथी आमच्या स्वयंपाकघरात बोलते.

त्या गावात मी एक म्हातारी ठेवली. तिला आवाज दिला माझ्या आत्यानं, अलमेलू आत्यानं. वय शहात्तर, जीभ अठराची. काम अगदी साधं. म्हातारी खेळाडूला कडीच्या डब्यात, इथे ज्याला तूक्कु म्हणतात त्यात, पुळिओगरे, म्हणजे चिंचेचा भात, घालून देते. खेळाडूनं भात खायचा, ताकद वाढवायची आणि डबा परत आणून द्यायचा. इतकंच. दिला की म्हातारी खूश, दार उघडते, आत तळघराची वाट.

आता दार उघडत नव्हतं. जगभरातून चार हजार लोकांनी चाचणीसाठी खेळून पाहिलं, त्यातल्या तीन हजार आठशे जणांकडे म्हातारी डब्याकडे बघत गप्प उभी. तक्रारींचा ढीग. "ओल्ड लेडी ब्रोकन." कुणी तिला तलवारीनं ढोसूनही पाहिलं होतं, मेल्यानं.

मी कोड वर-खाली केला. कुठे काही चुकलेलं नव्हतं. डबा परत आला आणि डब्यात काही असलं, साखर, फळ, मूठभर तांदूळ, फूल, काहीही, की काम पुरं. सगळं जागच्या जागी. मग मी त्या लोकांनी काय केलं ते बघितलं आणि कपाळावर हात मारला.

त्यांनी डबा रिकामा परत दिला होता.

अहो, रिकामा! शेजारणीचा डबा! माझ्या डोक्यातच आलं नाही की असं कुणी करेल. रिकाम्या डब्याचं काय करायचं हे मी लिहिलंच नव्हतं. सुरुवातीला मी खेळून पाहिलं, माझ्या दोन मैत्रिणींनी पाहिलं, एक इथली, एक शेजारच्या पापनाशमची. आम्ही तिघींनी न सांगता डब्यात काहीतरी घातलं आणि पुढे गेलो. तिघींना शंकासुद्धा आली नाही. बाकीच्या दुनियेला वाटलं, डबा म्हणजे डबा.

रविशंकरला फोन केला. तो म्हणाला, "संस्कार शिकवायला आपण गेम करत नाही नंदिता. रिकाम्या डब्यासाठी एक वाक्य टाक, म्हातारी बोलू दे, दार उघडू दे. आवाज सहाच्या आत नाही आला तर ती जाते. दुरुस्त्यांची यादी सहाला बंद."

"जाते म्हणजे?"

"म्हणजे अख्खं काम जातं. तळघराला मी दुसरी वाट देतो."

तर गोष्ट एवढी होती. आणि मला घोर नोकरीचा नव्हता. तो सूर्याचा होता.

सूर्या आत्याचा नातू. जयलक्ष्मीचा, म्हणजे माझ्या आतेबहिणीचा मुलगा. आईबाप आधी दुबईला, मग डॅलसला. हा बाराव्या वर्षापर्यंत इथे आजीआजोबांकडे वाढला. आजोबा म्हणजे सुंदरराव, कॉफीच्या पुडीचं दुकान होतं, सगळा बाजार त्यांना तात्या म्हणायचा. सूर्याला पहिला कॉम्प्युटर त्यांनीच आणून दिला, जुना, वापरलेला, आणि शेजारी स्टूल टाकून त्याचे खेळ बघत बसायचे. मधेच विचारायचे, हा का मेला? तो का नाही मेला?

दोन वर्षांपूर्वी तात्या गेले. सूर्याचे व्हिसाचे कागद अडकले, येता आलं नाही. त्यानं फोनवर दहन बघितलं, मधेच फोन तुटला. त्यानंतर पोरगा आजीशी बोललाच नाही. तेराव्याला आत्यानं स्वतः फोन केला, त्यानं कापला. आठवड्यानं पुन्हा केला, पुन्हा कापला. मग ती थांबली. जयलक्ष्मी दर रविवारी बोलते, सांगते की तो लाजतो अम्मा, तोंड दाखवायला लाजतो. आत्या म्हणते, "लाजू दे. सतावूं नको त्याला." आणि मग दिवसभर भांडी आपटते.

मी तिला आवाज द्यायला विचारलं तेव्हा आधी साफ नाही म्हणाली. मग म्हणाली, "तो सूर्या खेळतो तें हेंच कां?" मी म्हटलं, हो, हाच गेम, दोन वर्षं तोच खेळतोय. ती बराच वेळ पदर चाळवत बसली. "म्हणजे मी बोललें तर त्याला ऐकावें लागेल. फोन कापतां येतो. हें कापतां येतें कां?"

नाही आत्या, म्हटलं, हे कापता येत नाही. आता सहा वाजता रविशंकर कापणार होता.

स्कूटर काढली. आत्याच्या दाराला कुलूप. शेजारच्या श्रीदेवी म्हणाल्या, स्वामीमलैला गेल्यात, विठोबा ओतायचाय. भजनी मंडळानं नवी मूर्ती सांगितली होती आणि आत्यानं ठरवलं होतं की तिच्या नजरेखाली झाल्याशिवाय देव देव होत नाही. फोन घरीच, टीव्हीवर. तो घराबाहेर काढायचा नसतो असं तिचं मत आहे.

स्वामीमलैला पोचले तेव्हा घामाची आंघोळ झाली होती. भट्टीजवळ आत्या स्टुलावर बसून मूर्तिकाराशी हुज्जत घालत होती. ओतण्याआधीच्या मेणाच्या विठोबाचे हात कमरेवर हवे तितके घट्ट नाहीत म्हणे. "असा उभा राहिला तर वाटेल बसची वाट बघतोय," ती त्या माणसाला तमिळमध्ये सुनावत होती. तो बिचारा अंगठ्यानं मेण दाबत होता.

"आत्या, चल. आत्ताच्या आत्ता. एक वाक्य बोलायचंय."

"बोल ना."

"तू बोलायचंयस! रेकॉर्ड करायचं!"

"देवाचीं कोपरें झाल्यावर," ती म्हणाली.

कोपरं व्हायला पाऊण तास लागला. मी भट्टीभोवती येरझाऱ्या घातल्या, रविशंकरचे तीन मेसेज वाचले, एकालाही उत्तर दिलं नाही. शेवटी आत्या मागे बसली आणि म्हणाली, वाटेत शिंप्याकडे थांब, ब्लाउज शिवून झालाय. शिंप्याकडून निघालो तर विड्याची पानं हवीत, कोवळी, त्याच बाईकडची, दुसरीकडची नकोत. पानं घेतली तर केळफूल. केळफूल झालं तर मोठ्या गल्लीतल्या एका आजारी बाईला डोकावून जाऊ, दोन मिनिटं. मी स्कूटरवर ओरडले, "अगं, मी ही असली कामं लिहून पैसे मिळवते, आता मलाच करायला लावतेस?" तिला काही कळलं नाही. म्हणाली, सावकाश चालव, कण्णा, पानं चुरगळतील.

दोन मिनिटांची पंचेचाळीस झाली. आत्याच्या घरी पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. आणि जेवल्याशिवाय बोलणार नाही, कारण उपाशीपोटी आवाज रडका येतो. जेवलो. मी काय गिळलं देव जाणे.

साडेतीनला आतल्या खोलीत खिडकीला गादी लावली, पंखा बंद केला, माइक पुढे ठेवला आणि कागद तिच्या हातात दिला. मी वाक्य लिहून ठेवलं होतं: "अगो बाई, डबा रिकामाच परत आणलास? असूं दे, ये आंत."

आत्यानं चष्मा लावून वाचलं. कागद खाली ठेवला. "हें मी नाहीं बोलत."

"का?"

"दारांत आलेल्याला असें कोणी बोलतें?"

"आत्या, तो खरा माणूस नाहीये. गेम आहे."

"सूर्या खरा आहे ना? त्याला मी असें टोचून बोलूं?"

माझं टाळकंच सरकलं. सकाळपासूनचं ऊन, भट्टी, केळफूल, सगळं एकदम बाहेर आलं. "मग कसं बोलायचं ते तूच सांग! दोन तास राहिलेत! काहीच बोलली नाहीस तर तुला काढून टाकणार आहेत, कळतंय का? सूर्याला तुझा आवाज ऐकू जाणारच नाही! मग बस वाट बघत!"

बोलले आणि जीभ चावली. तिनं कागदाची घडी घातली, अजून एक घडी घातली.

"पण रिकामा आणतो कोण?" ती शेवटी म्हणाली. "एखादा असेल."

"एखादा? तीन हजार आठशे जणांनी रिकामा आणला आत्या! चार हजारांतल्या तीन हजार आठशे!"

आत्याचा हात छातीवर गेला. "अय्यो. तीन हजार आठशे?"

"हो!"

"एवढ्या घरांत?" तिचा आवाजच बदलला. "काय झालें तिथे? साथ आली होती कां?"

मला आधी काही उमगलंच नाही. मग डोक्यात उजेड पडला आणि माझा राग कुठच्या कुठे गेला.

आमच्यात डबा रिकामा परत जातो तो एकाच घरातून. सुतकाच्या. त्या घरातून तेरा दिवस बाहेर काही द्यायचं नसतं. शेजारपाजारचे लोक भात आणतात, सार आणतात, आणि डबे घासून रिकामे परत जातात. कुणी वाईट मानत नाही. आत्याला दुसरा रिकामा डबा माहीतच नव्हता. तिच्या लेखी दुनियेत विसराळू माणूस नाही, घाईतला माणूस नाही, ज्याला रीतच ठाऊक नाही असा माणूस नाही. डबा रिकामा आला म्हणजे त्या घरचं कुणीतरी गेलं.

"हे गेले तेव्हां मी सगळ्यांचे डबे रिकामेच पाठवले," ती म्हणाली. "कोणी मला बोललें कां? आणि तूं म्हणतेस, त्या पोरांना मी टोचूं?"

"नको," मी म्हटलं. "तू काय बोलशील तेच बोल."

मी माइक चालू केला. बाहेर कुणाचा तरी कुकर दोनदा ओरडला, थांबलो. एक मोटरसायकल गेली, थांबलो. मग आत्यानं समोर बघितलं, माझ्याकडे नाही, दाराकडे, जसं तिथे कुणीतरी डबा घेऊन उभं आहे.

"कोण गेलें रे बाळ, तुझ्या घरचें?" ती म्हणाली. जरा थांबली. "असा बाहेर उभा राहूं नको. ये. आंत येऊन बस."

एकदाच बोलली. मी पुन्हा घे म्हटलंच नाही.

घरी धावले. जोडणी केली, दार उघडायची अट बदलली, दोनदा खेळून पाहिलं, एकदा अडकलं, पुन्हा केलं. पाच वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी पाठवलं. सहाला दोन मिनिटं कमी असताना रविशंकरचं उत्तर आलं: "दार उघडतंय. चालेल. पण डबा भरून आणायचा असतो हे ती सांगतच नाही." मी लिहिलं, नाही सांगत. त्यानं पुढे वाद घातला नाही, त्याला पण घरी जायचं असेल.

जादा भाग पंधरा दिवसांनी बाहेर आला आणि माझी खरी तडफड तिथून सुरू झाली. सूर्या मला त्या खेळात दिसतो, नावापुढे हिरवा ठिपका. पहिल्याच दिवशी त्यानं नवा भाग घेतला. मी स्क्रीनला डोळे लावून. तिसऱ्या दिवशी तो कावेरीच्या गावात पोचला. आणि सरळ पुढे गेला, मुख्य वाटेनं, राक्षसराजाच्या मागे! लहानपणी एकेक शेळी शोधणारं पोर! मी टेबलावर मूठ आपटली. मेल्या, मागे फिर. डावीकडे, विहिरीजवळचं दार. दिसत नाही का?

आत्या रोज संध्याकाळी यायची. पायरीवरूनच विचारायची, "आला कां तो?" मी म्हणायची, येईल. ती "सरि", म्हणजे बरं, म्हणून निघून जायची, बसायची सुद्धा नाही. सातव्या दिवशी मला वाटलं आपणच त्याला लिहावं की बाबा जा त्या म्हातारीकडे. लिहिलंही. मग पुसलं. सतावू नको म्हणाली होती ना. झोप येईना, दुसरं काम होईना, नव्या शेळ्या लिहायला बसले तर सगळ्या मरतुकड्या निघाल्या. तिकडे खेळणाऱ्यांच्या पानावर लोक काय काय लिहीत होते. कुणी ब्राझीलचा, कुणी पोलंडचा. खालच्या ओळीतलं भाषांतर वाचून, म्हातारीनं विचारलं म्हणून आपल्या माणसाचं नाव लिहून जात होते. ते वाचून मी डोळे पुसत होते आणि तरी माझं लक्ष एका हिरव्या ठिपक्याकडे होतं.

अकराव्या दिवशी सकाळी मी दात घासत होते. फोन वाजला. डॅलस.

"नंदिता मावशी?" आवाज आता बाप्याचा झाला होता. मराठी गंजलेलं. "ती... ती आजी आहे ना?"

"हो."

"ते तू लिहिलंस?"

"नाही रे. तिचं तिनंच म्हटलं."

फोनमध्ये काहीतरी खट् वाजलं. मला वाटलं, कापला. "मी घाईत होतो," तो म्हणाला. "डबा तसाच दिला. मला माहीत होतं गं, काहीतरी घालायचं असतं. आजीनंच शिकवलेलं. मी तसाच दिला. आणि तिनं विचारलं." मी तोंडात फेस धरून उभी. मग म्हणाला, "आजीला देशील फोन? तिच्या फोनवर लावायला मला... तू दे."

मी चूळ भरली की नाही आठवत नाही. अनवाणी दोन गल्ल्या पळाले. आत्या दारात रांगोळी घालून उठत होती, हात पांढरे. मी फोन तिच्या कानाला लावला. धाप लागल्यानं कोण आहे तेही सांगता येईना.

स्पीकर चालू होता, मला ऐकू आलं. त्यानं हॅलो म्हटलं नाही, कशी आहेस म्हटलं नाही, चुकलो म्हटलं नाही.

"आजी," तो म्हणाला, "माझे तात्या गेले."

जसं काही तिला ठाऊकच नव्हतं. जसं तोच पहिला सांगतोय. मला वाटलं आता ती रागावेल, दोन वर्षांचं सगळं बाहेर काढेल, आणि काढलं असतं तरी मी काही म्हटलं नसतं.

आत्या पायरीवर बसली. पांढऱ्या हातांनी फोन माझ्याकडून घेतला. आमच्यात समाचाराला माणूस आलं की त्याला सगळं पहिल्यापासून सांगतात, तो शेजारचा असो की परगावचा. कसं झालं, किती वाजता झालं, शेवटचं काय खाल्लं. येणाऱ्यानं नुसतं ऐकायचं. त्या तेरा दिवसांत तिनं ते शंभर जणांना तरी सांगितलं असेल. हा एक राहिला होता.

"हो रे बाळ," ती म्हणाली. "शुक्रवार होता. सकाळीं उठले तेव्हां चांगले होते. कॉफी मागितली. मी म्हटलें, दूध तापतें आहे, जरा थांबा..."